नासचा 'इल्मॅटिक' आणि वडिलांचं कॉर्नेट

'रॅपमध्ये सूर नसतो, नुसती बडबड' हे अनेकांचं मत बावन्नाव्या वर्षापर्यंत माझंही होतं. आता पटत नाही. मुलीने अमेरिकन रॅपर नासचा १९९४चा 'इल्मॅटिक' हा अल्बम गाण्यांचे शब्द समोर ठेवून ऐकायला लावला. त्यात एक अख्खं गाणं तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रासारखं आहे, न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वस्तीतली खबरबात सांगणारं. वीस वर्षांच्या पोराचं काम हे! ऐकताना मी गप्पच झाले.

आणि सुराचं म्हणाल, तर तिसरं गाणं अगदी शेवटपर्यंत ऐका. तिथे वाजणारं कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं फुंकून वाजवायचं वाद्य, नासच्या वडिलांचं, जॅझवादक ओलू दारा यांचं आहे. आयुष्याचा भरवसा नाही असं सांगून शब्द थांबतात आणि बाप वाजवत राहतो. तेवढा तुकडा मी आजही पुन्हा पुन्हा लावते.