सफारीला नेमकं कधी जायचं? खान्देशकरांनो, आपापले अनुभव लिहा

जळगाव

आमच्या घरात दर वर्षी एकच वाद होतो. मुलांची सुट्टी मे महिन्यात आणि वाघही म्हणे मे महिन्यातच हमखास दिसतो. सासूबाईंचं म्हणणं असं की जळगावचं ऊन सोसताना जीव जातो, त्यात चंद्रपूरचं ऊन खायला मी येणार नाही. त्या एकोणसत्तर वर्षांच्या, धाकटा सात वर्षांचा. दोघांनाही सोडून जायचं नाही, म्हणून हा धागा.

कोणता महिना, कोणतं जंगल, काय दिसलं आणि काय सोसावं लागलं ते सविस्तर लिहा. नुसतं ‘वाघ दिसला’ एवढं नको. ज्यांना दिसला नाही त्यांनी तर नक्की लिहा.

भुसावळ

ताडोबा, मेचा तिसरा आठवडा. आम्ही चौघं, त्यात वडील बाहत्तर वर्षांचे. दुपारच्या फेरीला जिप्सीचा लोखंडी दांडा हातात धरवत नव्हता, त्याला ओला पंचा गुंडाळून बसलो. एका पाणवठ्यावर पाऊण तास नुसतं थांबलो होतो. एक सांबर पाण्याशी आलं, प्यायलाच वाकलं नाही. शेपटी ताठ, कान पुढे. मग खूर आपटून असं काही खणखणीत ओरडलं की माझ्या मुलीने माझा दंड घट्ट धरला.

बांबूतून वाघीण आली. पाण्याकडे पाठ करून, आधी मागचे पाय टाकत ती उलटी उलटी आत सरकली आणि मानेपर्यंत बुडून बसली. तोंडावर पाणी आलेलं वाघाला आवडत नाही, असं गाइडदादांनी हळूच सांगितलं. पुढे वीस मिनिटं फक्त तिचं डोकं आणि माशी हाकलणारा एक कान, एवढंच हलत होतं. गाडीत कोणी शब्द काढला नाही.

मे महिन्यात वाघ का दिसतो ते तिथे डोळ्यांनी कळतं. सागाची पानं झडलेली, गवत वाळून आडवं झालेलं, नाले कोरडे. पाणी उरतं ते मोजक्या जागी, आणि प्रत्येकाला तिथे यावंच लागतं.

आता सोसलेलं. बुकिंग करून देणाऱ्यांनी ‘गाडीत पाणी असतं, काही आणू नका’ असं सांगितलं होतं. चार माणसांत दोन बाटल्या निघाल्या. रात्री वडिलांना ऊन लागलं, उलट्या सुरू झाल्या, दवाखाना गाडीने दीड तासावर. पहाटेपर्यंत मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत मी बसलो होतो. ते बरे झाले, पण ती रात्र मी विसरलेलो नाही. ताई, सासूबाईंना मे महिन्यात नेऊ नका. न्यावंच लागलं तर फक्त सकाळची फेरी घ्या, पाणी स्वतःचं न्या, आणि मंगळवार टाळा, त्या दिवशी ताडोबा बंद असतो.

धुळे

आम्ही कान्हाला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. पहाटेची थंडी अशी की उघड्या जिप्सीत ब्लँकेट, कानटोपी, त्यावर शाल, तरी बोटांना संवेदना नव्हती. धुळ्याच्या थंडीवरून अंदाज बांधू नका. तीन फेऱ्यांत वाघ नाही, धुळीत एकदा ताजा ठसा तेवढा दिसला.

तरी मी त्याच महिन्यात पुन्हा जाईन, ते बारासिंग्यांसाठी. तो त्यांच्या माजाचा काळ. नर शिंगांनी गवत उपटतात आणि ते शिंगांवर तसंच लटकत ठेवून कुरणातून मिरवतात. धुक्यातून त्यांचा घोगरा, लांबत जाणारा आवाज येतो. कान्हातले हेच बारासिंगे 1970 च्या मोजणीत अवघे 66 उरले होते, हे गाइडने सांगितलं तेव्हा समोर चरणाऱ्या त्या कळपाकडे बघून भरून आलं.

आणखी एक. ‘उन्हाळ्यात पानं झडतात’ हे सागाच्या जंगलाला लागू आहे. कान्हाचं बरंच रान साल वृक्षांचं आहे आणि साल एकदम उघडा पडत नाही. त्यामुळे भावाला एप्रिलमध्येही तिथे हिरवंगार दिसलं होतं. मध्य प्रदेशातली उद्यानं बुधवारी दुपारी बंद असतात, हेही लक्षात ठेवा.

चाळीसगाव

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेंच. 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद राहून उद्यान नुकतंच उघडलेलं. रान सुंदर, हवा धुतलेली, पण गवत माणसाएवढं आणि पाणी जागोजागी. वाघाला पाणवठ्यावर यायची गरजच काय? आम्हाला दिसले ते मोर, नीलपंख, कोळ्यांची मोठमोठी जाळी. लहान मुलं कंटाळली. फोटो काढणाऱ्यांनी जावं, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नाही. नुसतं हिरवं रान बघायचं असेल तर आपलं पाटणादेवी आणि गौताळा श्रावणात बघा. केदारकुंडाचा धबधबा तेव्हा खरा भरात असतो.

रावेर

मी केळीवाला शेतकरी. मे महिना आमच्यासाठी नसतोच, भाऊ. मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीची) कापणी चालू, कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला आलेली, वीज रात्री येते. एक दिवस ठिबक बंद पडलं तर घड पोसत नाही. ऑक्टोबरनंतर कापूस. म्हणून आमचं जाणं होतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि खरं सांगतो, सक्तीने मिळालेला हा काळच मला सगळ्यांत चांगला वाटतो.

रावेरहून बुऱ्हाणपूर, धारणी करत मेळघाटात सेमाडोहला जाता येतं. फेब्रुवारीत पळस पेटलेला असतो, पानगळ अर्धी झालेली असते, म्हणून नजर आत पोचते. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी सावलीत बसवतं. होळीनंतर मोह गळायला लागतो. एकदा पहाटे आम्ही मोहाच्या झाडापासून पन्नासेक पावलांवर गाडी थांबवली. अस्वल खाली बसून फुलं अशी ओढून घेत होतं की जणू कोणी स्ट्रॉने सरबत ओढतंय, तो फुर्र फुर्र आवाज गाडीपर्यंत येत होता. पाठीवर पिल्लू होतं. आईने मान वर केली की पिल्लू पाठीच्या केसांत तोंड खुपसायचं. मोहाचा तो गोडसर, आंबूस वास अजून नाकात आहे.

मेळघाटात वाघ सहज दिसत नाही, डोंगर-दऱ्यांचं रान आहे. मला सहा वेळांत एकदाच दिसला. पण गवे भरपूर दिसले.

एक विनंतीही करतो. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा-वढोदा भागात वाघ केळीच्या बागांत येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात बागेत सावली, ओल आणि गारवा असतो, तो येणारच. आमच्या पाहुण्यांचं शेत तिकडेच आहे. सुट्टीत मोबाइल घेऊन पोरं बागेभोवती फिरतात. असं करू नका. तिथे मजूर बायका केळीची खोडं कापतात, बुंध्याशी फुटलेले कोंब काढतात. बिथरलेला वाघ त्यांच्या वाट्याला येतो.

शहादा

सगळे वाघावर लिहिताहेत, मी वीतभर पक्ष्यावर लिहितो. रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड. 1884 नंतर तो कोणाला खात्रीने सापडला नव्हता आणि जगाने तो संपल्याचं धरलं होतं. नोव्हेंबर 1997 मध्ये अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो सापडला, कुठे, तर आपल्या शहाद्याजवळच्या सातपुड्यात! तब्बल 113 वर्षांनी. आमच्या भागाचं नाव जगभरच्या पक्षिप्रेमींच्या तोंडी झालं ते या पाखरामुळे.

मी जानेवारीअखेर तोरणमाळच्या बाजूला गेलो होतो. साग बराच उघडा झाला होता. सकाळचं ऊन आल्यावर सुक्या फांदीवर तो बसलेला दिसला. हा दिवसा वावरणारा, म्हणून भल्या पहाटे धावपळ लागत नाही. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. शेपूट डावी-उजवीकडे झटकत होता. सोबतच्या भिल्ल आजोबांनी तो आमच्याआधी पाहिला, बोटही न दाखवता नुसत्या हनुवटीने दिशा सांगितली. ओरडण्याच्या ध्वनिफिती लावून त्याला बोलावू नका, एवढी कळकळीची विनंती.

वरणगाव

लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर डिसेंबर-जानेवारीत हतनूर धरणाच्या पाण्यावर सकाळ काढा. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक दुर्बिणीतून मुलांना ओळखायला शिकवता येतात. परत येताना भरीत आणि कळण्याची भाकरी. आमच्या आईला गुडघ्यांमुळे जिप्सीचे धक्के सोसत नाहीत, तिची सफारी हीच.

अमळनेर

बहीण नैरोबीत असते, म्हणून आम्ही ऑगस्टमध्ये केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात गेलो. खान्देशात कानबाईच्या सणाचे दिवस होते, आईला त्यातले रोट (नैवेद्य) चुकल्याची हळहळ होती. तिकडे पोचल्यावर सकाळी स्वेटर लागला. विषुववृत्ताजवळचा देश, पण मारा उंच पठारावर आहे. जुलै ते ऑक्टोबर या काळात शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या आफ्रिकी हरणांचे) कळप चाऱ्यामागे माराकडे येतात. नदीकाठी आम्ही चार तास थांबलो. हजारो जनावरं काठावर येत, थबकत, मागे फिरत. मग एकाने उडी घेतली आणि मागोमाग सगळा लोंढा. आईने डोळ्यांना पदर लावला, मगर दिसली तेव्हा. त्याच कळपांची पिल्लं बघायची असतील तर जानेवारीअखेर ते मार्च, सेरेंगेटीचा दक्षिण भाग. म्हणजे आपला मे महिना त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नाही. तिकडे तो पावसाचा काळ.

चोपडा

बुद्धपौर्णिमेच्या रात्री यावल अभयारण्यात मचाणावर बसलो होतो. बारा तासांत भेकर, साळिंदर, एक तरस. बोलायचं नाही, टॉर्च नाही, अत्तर नाही. साळिंदराचे काटे चांदण्यात खडखड वाजत गेले. मुलांना नेऊ नका, पण स्वतः एकदा बसा.

जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जेवताना सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. अस्वलाच्या पिल्लाचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. शाळेतून तीन दिवस रजा मिळाली तर फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, सेमाडोह. त्याआधी जानेवारीत एक रविवार हतनूर. रावेरच्या दादांना विचारायचं होतं, धारणीच्या पुढे घाटात मुलाला गाडी लागेल का? आणि सासूबाईंना कंबरेचा पट्टा बांधून जिप्सीत पुढच्या सीटवर बसवलं तर चालेल ना?