प्रॉक्सीत पखवाज गायब! चार माइकच्या फाइलची छोटी प्रॉक्सी कशी करायची?

नंदगडचा कॅमेरावाला:
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात लग्नं, बारशी, सप्ताह असं शूटिंग करतो. परवा काल्याचं कीर्तन केलो, २ तास १० मिनिटं. एक माइक बुवांच्या कॉलरला, दुसरा पखवाजाला, तिसरा पेटीला, चौथा टाळकऱ्यांच्या पुढं स्टँडवर. फाइल एमएक्सएफ, फोर-के, २५ फ्रेम, सेकंदाला २५० मेगाबिट. सगळं मिळून २४० जीबीच्या वर.

कटिंग कोल्हापूरचे दाजी करतात. आमच्याकडं नेट माळ्यावर चढल्याशिवाय धड चालत नाही, म्हणून एफएफएमपेग या फाइल बदलायच्या सॉफ्टवेअरनं ७२०ची एमपीफोर प्रॉक्सी, म्हणजे कटिंगपुरती हलकी कॉपी, बनवलो. चित्र झकास. पण बुवा हात वर करून गजर धरतात, मागं टाळकरी उड्या मारतात, आणि ऐकायला एकटे बुवा! टाळ मुके, पखवाज मुका. शिवाय ओरिजिनलला जोडायला गेलो की सॉफ्टवेअर म्हणतंय, ऑडिओ चॅनेल जुळत नाहीत. चार चॅनेल मागायला कमांडमध्ये ‘एसी ४’ पण घालून बघितलो, काही उपयोग नाही. काय चुकतंय की?

निपाणी साउंड:
तुमच्या फाइलीत चार वेगळे मोनो ट्रॅक आहेत. एफएफएमपेगला काही सांगितलं नाही तर तो ऑडिओचा एकच ट्रॅक उचलतो, ज्यात सगळ्यात जास्त चॅनेल असतील तो. इथं चारी सारखेच, म्हणून पहिला घेतला. तुमच्यात पहिला कोण? बुवा. ‘एसी ४’नं त्या एकाच ट्रॅकचे चार चॅनेल होतात, ट्रॅक चार होत नाहीत.
कुठले ट्रॅक घ्यायचे ते सांगणारा ‘मॅप’ हा पर्याय दोनदा द्या: एकदा व्हिडिओसाठी, एकदा सगळ्या ऑडिओसाठी. ऑडिओ ‘कॉपी’वर ठेवा आणि एमपीफोर सोडून एमओव्ही करा. पीसीएम, म्हणजे न दाबलेला, ऑडिओ एमओव्हीत बिनतक्रार बसतो.

शहापूरकर:
एवढा खटाटोप कशाला? स्टीरिओ मिक्स करून द्या दाजींना, मोकळे व्हा.

निपाणी साउंड:
@शहापूरकर, मग पखवाज कुठं वर घ्यायचा, टाळ कुठं दाबायचे, हे दाजींनी कशावर ठरवायचं? आणि ओरिजिनलवर परत आलं की चॅनेल बदलले म्हणून सगळी टाइमलाइन विस्कटणार.

चिकोडीची ताई:
भाऊ, साइजचा हिशेबही करून ठेवा. ४८ हजार हर्ट्झ, २४ बिट म्हणजे एका चॅनेलला १.१५ मेगाबिट, चारला ४.६. तुम्ही व्हिडिओ ३ मेगाबिटवर आणला तर चित्रापेक्षा आवाजच जड! तुमच्या कीर्तनाला चित्र साधारण २.९ जीबी, आवाज ४.५. ‘कॉपी’ऐवजी १६ बिट पीसीएम केलात तर आवाज ३ जीबीवर येईल. कटिंगपुरतं तेवढं पुष्कळ, फायनलला ओरिजिनलच लागणार आहे.
फाइलीचं नाव, फ्रेम रेट आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा आकडा) तेच राहू दे. आधी मिनिटभराचा तुकडा करून एफएफप्रोबमध्ये (फाइलीत काय काय आहे ते दाखवणारं टूल) बघा, चार ऑडिओ ट्रॅक दिसले की मगच पूर्ण फाइल लावा. मी एकदा न बघता रात्रभर लॅपटॉप तापवलेय.

नंदगडचा कॅमेरावाला:
ताई, मिनिटाचा तुकडा केलो, चार ट्रॅक दिसले. मग पूर्ण फाइल लावलो. मधे लाइट गेली, इन्व्हर्टरनं कसंबसं निभावलं. ६ जीबीच्या आत आली आणि जोडतानाही काही कुरकुर नाही. पखवाज वाजतोय! आता नवीनच भानगड: चौथ्या माइकवर स्टँडजवळ बसलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या ऊसदराच्या गप्पा स्पष्ट आल्यात. दाजींना सांगितलोय, तेवढा ट्रॅक तिथं बंद ठेवा.