नाका ००१२: १० अंशांवर ड्रॅग उणे येतोय, काय तपासू?

प्रश्न – अंधेरी_एअरफॉइल

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे: नाका ००१२ या एअरफॉइलभोवतीच्या (पंखाच्या छेदाचा ठराविक आकार) हवेचं सिम्युलेशन. ओपनफोम (प्रवाहाचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर), त्यातला सिंपलफोम सॉल्व्हर (स्थिर प्रवाहासाठी), के-ओमेगा एसएसटी (टर्ब्युलन्स मॉडेल), द्विमितीय मेश (गणनेची जाळी). कॉर्ड (पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी) १ मीटर, वेग ९० मी/से, रेनॉल्ड्स नंबर (जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) ६० लाख. बाहेरची सीमा सगळीकडून १० कॉर्डवर. वाय-प्लस (पहिल्या सेलचं भिंतीपासूनचं एककहीन अंतर) ३० ते ६०, भिंतीवर वॉल फंक्शन (भिंतीलगतच्या थरासाठी तयार सूत्र). कोन देताना मेश फिरवली नाही, वेगाचे घटक बदलले: (८८.६३, १५.६३, ०).

० अंशांवर सगळं ठीक दिसतं. १० अंशांवर मात्र सी-एल (लिफ्टचा गुणांक) १.०३७ आणि सी-डी (ड्रॅगचा गुणांक) चक्क उणे ०.१६४. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) व्यवस्थित उतरलेत. पुढे याच सेटअपवर कॉलेजच्या विंड टनेलशी तुलना करायची आहे (कॉर्ड १५ सेमी, ३० मी/से). चूक कुठे असेल?

उत्तर १ – कॉर्डलाइन_ठाणे

सॉल्व्हरने बल बरोबर काढलंय, तुम्ही ते चुकीच्या दिशेने मोजताय. फोर्स-कोएफिशियंटच्या फाइलमध्ये लिफ्ट आणि ड्रॅगच्या दिशा अजून (०, १, ०) आणि (१, ०, ०) असणार. हवा १० अंशांनी फिरवलीत तर त्याही फिरवायला हव्यात: ड्रॅग (०.९८४८, ०.१७३६, ०), लिफ्ट (−०.१७३६, ०.९८४८, ०). ० अंशांवर दोन्ही जोड्या एकच, म्हणून तिथे काही कळलं नाही.

केस परत चालवायची गरज नाही, आहे त्याच आकड्यांवरून बघा. सी-डी = −०.१६४ × ०.९८४८ + १.०३७ × ०.१७३६, म्हणजे सुमारे ०.०१८६. सी-एल १.०५.

आता खरा प्रश्न. नासा लँग्लीच्या टर्ब्युलन्स मॉडेलिंग रिसोर्सवर हीच केस आहे (माख ०.१५, रेनॉल्ड्स ६० लाख, १० अंश). तिथे सी-एल साधारण १.०९ आणि सी-डी ०.०१२३ च्या आसपास. तुमची लिफ्ट चारेक टक्के कमी, पण ड्रॅग दीडपट. पुढच्या बाजूचं मोठं सक्शन आणि बाकी पृष्ठभागावरचा दाब एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात, आणि उरलेल्या जराशा फरकातून प्रेशर ड्रॅग निघतो. म्हणून सेटअपमधली बारीक चूकही आधी ड्रॅगमध्ये दिसते.

पहिला संशय सीमेवर. एअरफॉइलचं सर्क्युलेशन (त्याच्याभोवतीचा हवेचा फेर) लांबवर हवा वळवतं. त्या वळणाचा कोन रेडियनमध्ये सी-एल भागिले (४π × कॉर्डमधलं अंतर) इतका. १० कॉर्डवर तो जवळपास अर्धा अंश येतो, आणि तुमची फ्रीस्ट्रीम (तिथली हवा अबाधित मानणारी) सीमा तो जबरदस्तीने शून्य करते. त्यामुळे लिफ्ट घटते, ड्रॅग वाढतो. १०० कॉर्डवर तो ०.०५ अंश उरतो. नासाने सीमा ५०० कॉर्डवर ठेवलीय. बाहेरच्या सेल मोठ्या असल्या तरी चालतं, त्यामुळे एकूण मेश फार वाढत नाही.

उत्तर २ – वायप्लस_मुलुंड

वरच्या उत्तराशी सहमत, पण माझ्या मते भिंतीजवळची मेश जास्त त्रास देतेय. वॉल फंक्शन ज्या लॉग-लॉवर (भिंतीजवळच्या वेगाचा लॉगॅरिदमिक नियम) उभं असतं तो लीडिंग एजपाशी (पुढच्या कडेला) लागूच पडत नाही. तिथे बाउंडरी लेयर (पृष्ठभागालगतचा मंद हवेचा थर) अतिशय पातळ आणि हवा जोरात वेग घेत असते. शिवाय स्टॅग्नेशन पॉइंटजवळ (जिथे हवा थबकते) वाय-प्लस आपोआप ३० च्या खाली घसरतो.

वॉल फंक्शनऐवजी एसएसटी थेट भिंतीपर्यंत सोडवा. हिशेब असा: सी-एफ (घर्षणाचा गुणांक) ≈ ०.०२६ / रेनॉल्ड्सचं सातवं मूळ = ०.००२८. त्यावरून फ्रिक्शन व्हेलॉसिटी ३.४ मी/से, आणि वाय-प्लस १ साठी अंतर ४.५ मायक्रॉन. ओपनफोम हे अंतर सेलच्या मध्यापर्यंत मोजतो, म्हणून पहिल्या सेलची जाडी ९ मायक्रॉनपर्यंत चालेल. पण सक्शन पीकपाशी वेग बराच वाढतो, तेव्हा ४–५ मायक्रॉनच धरा. वाढीचं गुणोत्तर १.१५ ठेवलं तर पन्नासेक थरांत बाउंडरी लेयर आरामात बसते.

आणखी दोन गोष्टी बघा. वेगाच्या डायव्हर्जन्स स्कीमला (वेग एका सेलमधून पुढच्या सेलमध्ये नेण्याची गणितपद्धत) नुसतं अपविंड असेल तर लिनिअर-अपविंड करा, नाहीतर खोटी विस्कॉसिटी ड्रॅगमध्ये मिसळते. आणि इनलेटला पाइपच्या उदाहरणातून उचललेली ५ टक्के टर्ब्युलन्स ठेवू नका. तेवढ्याने टर्ब्युलंट विस्कॉसिटी हवेच्या विस्कॉसिटीच्या हजारो पट होते. इथे ती हवेच्या विस्कॉसिटीच्या शंभराव्या हिश्श्याइतकी हवी.

अंधेरी_एअरफॉइल

दिशा बदलल्या, सीमा १०० कॉर्डवर नेली, पहिला सेल ५ मायक्रॉन केला. सी-एल १.०८, सी-डी ०.०१२७. पण आता दाबाचं रेसिड्युअल एका पातळीवर अडकून हलतंय.

उत्तर २ – वायप्लस_मुलुंड

ट्रेलिंग एज (मागची कड) बोथट ठेवलीय का? नाका ००१२ च्या आकाराच्या मूळ सूत्रात शेवटचा गुणक ०.१०१५ आहे, त्याने १ मीटर कॉर्डला मागे अडीच मिलिमीटर जाडी उरते. मेश बारीक झाली की तिथून भोवरे सुटायला लागतात आणि स्टेडी सॉल्व्हर अडतो. गुणक ०.१०३६ घेतला की टोक बंद होतं. तरीही रेसिड्युअलपेक्षा सी-डी बघा. शेवटच्या ५०० इटरेशनमध्ये चौथा दशांशसुद्धा हलत नसेल तर थांबा.

उत्तर ३ – पवई_ट्रान्झिशन

टनेलची केस या सेटअपवर चालवू नका. मुंबईत ३० अंश तापमानाला हवेची कायनेमॅटिक विस्कॉसिटी १.६×१०⁻⁵ धरली तर तुमचा रेनॉल्ड्स नंबर जेमतेम २.८ लाख. तिथे वरच्या बाजूला बराच भाग लॅमिनार (शांत थरांचा) राहतो आणि सेपरेशन बबल (हवा पृष्ठभागापासून सुटून परत चिकटते तो भाग) तयार होतो. साधा एसएसटी सुरुवातीपासून सगळं टर्ब्युलंट मानतो, त्याला हा बबल दिसणारच नाही. ओपनफोममधलं लँग्ट्री-मेंटर मॉडेल (लॅमिनारचं टर्ब्युलंट कुठे होतं ते धरणारं) वापरा. त्याला टनेलची टर्ब्युलन्स पातळी लागते, म्हणून ती आधी मोजून घ्या. नाहीतर टनेलमधल्या एअरफॉइलवर ५ टक्के कॉर्डपाशी ट्रिप टेप (प्रवाह मुद्दाम टर्ब्युलंट करणारी पट्टी) लावा, म्हणजे साध्या एसएसटीशी तुलना निदान प्रामाणिक होईल.

इथे १०० कॉर्डची सीमाही नको. टनेलच्या भिंती स्लिप वॉल (घर्षण नसलेली भिंत) म्हणून मेशमध्येच घ्या आणि कोन देताना एअरफॉइल फिरवा, हवा नाही.

घनतेत पुष्कळजण फसतात. ३० अंशांवर ती १.१६५ किलो/घनमीटर असते. वेग स्वतंत्रपणे मोजून डायनॅमिक प्रेशर १.२२५ ने काढलंत तर टनेलचे सगळे गुणांक पाच टक्के कमी येतील आणि दोष सिम्युलेशनवर जाईल. पिटोचा (हवेचा दाब मोजणाऱ्या नळीचा) दाब थेट वापरलात तर हा प्रश्नच उरत नाही. पवईच्या आयआयटीतल्या फॉसी (मुक्त सॉफ्टवेअरच्या) प्रकल्पाच्या साइटवर ओपनफोमच्या केस-स्टडी फाइलींसकट मिळतात, सेटअप ताडून बघायला उपयोगी पडतील.