अनुभव धागा: रास्पबेरी पायला एसएसडी जोडताना

नौपाडाकर

घरातला छोटा सर्व्हर म्हणून रास्पबेरी पाय (एका बोर्डावरचा छोटा संगणक) चोवीस तास चालू ठेवणारे ठाणे आणि नवी मुंबईत बरेच निघतील. कुणाकडे होम असिस्टंट (घरातली उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर), कुणाकडे पाय-होल (नेटवर्कवरच्या जाहिराती अडवणारं), कुणाकडे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. एसडी कार्डाऐवजी एसएसडी (फ्लॅश मेमरीची वेगवान डिस्क) बसवलेल्यांनी इथे लिहा. बोर्ड कुठला, ॲडॉप्टर कसला, घोडं कुठे अडलं आणि का, एवढं हवं. स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट नकोत, सगळ्यांचे सारखेच असतात.

माझ्यापासून सुरुवात. वेग हे दुय्यम कारण. होम असिस्टंट मूळ सेटिंगमध्ये दर ५ सेकंदांनी डेटाबेसमध्ये लिहितं. लिहायचं असतं जेमतेम काही किलोबाइट, पण फ्लॅश मेमरीत आधी लिहिलेली जागा थेट बदलता येत नाही. ब्लॉक पुसावा लागतो आणि तो कितीतरी मोठा असतो. एसडी कार्डाचा कंट्रोलर फोटो-व्हिडिओसारख्या सलग लिखाणासाठी बनलेला, हे बारीक बारीक लिखाण त्याला झेपत नाही. एसएसडीचा कंट्रोलर ही झीज सगळ्या चिपवर वाटून टाकतो. त्यामुळे फक्त पाय-होल चालवत असाल आणि लॉग रॅममध्ये ठेवत असाल तर चांगलं कार्डही पुरतं, उगाच खर्च नको. डेटाबेस किंवा रेकॉर्डिंग असेल तर मात्र एसएसडीच.

हार्बर लाइन

पाय ५ बद्दल. खरेदीतच निम्मे लोक फसतात. बोर्डावर १६ पिनांचा पीसीआयईचा (डिस्कसारखे भाग बोर्डाला जोडायचा वेगवान मार्ग) चिंचोळा कनेक्टर आहे, त्यातून एकच लेन, म्हणजे डेटाची एकच वाट मिळते. त्यावर एनव्हीएमईच (पीसीआयईवरून बोलणारी एसएसडी) चालते. साटा एम.२ (त्याच चपट्या पट्टीच्या आकाराची, पण जुन्या साटा पद्धतीची) दिसायला जवळजवळ तशीच, किंमत कमी, आणि दुकानदार 'एम.२ म्हणजे एम.२' म्हणून पुढे करतो. ओळखायची खूण: संपर्कांच्या कडेला दोन खाचा असतील तर ती बहुतेक साटा. एक खाच असेल तर बहुतेक एनव्हीएमई. पण काही एनव्हीएमईलाही दोन खाचा असतात, तेव्हा लेबलवर पीसीआयई किंवा एनव्हीएमई हा शब्द वाचल्याशिवाय पैसे काढू नका. लॅमिंग्टन रोडला जाणार असाल (ठाण्याहून दादरला बदलून ग्रँट रोड) तर पाकीट काउंटरवरच उघडून बघा, नंतर बदलून मिळणं कठीण.

लांबी दुसरी. २२३० म्हणजे २२ मिमी रुंद, ३० मिमी लांब. मे २०२४ मध्ये आलेल्या अधिकृत एम.२ हॅट प्लसवर (पायवर बसणारा जोडबोर्ड) २२३० आणि २२४२ एवढ्याच बसतात. बाजारात सहज मिळते ती २२८०. तिच्यासाठी बोर्डाच्या खाली लागणारा, दुसऱ्या कंपनीचा लांब ॲडॉप्टर घ्यावा लागतो. खालून लावला की वरचा पंखा आणि जीपीआयओ (सेन्सर वगैरे जोडायच्या पिना) मोकळे राहतात, म्हणून मला तोच बरा वाटतो.

बोर्ड आणि हॅट जोडणारी पट्टी केबल लावताना घाई नको. कनेक्टरचा लॅच (केबल धरणारी खिट्टी) दोन्ही बाजूंनी नखाने सारखा वर उचलायचा. अधिकृत हॅटची केबल बोर्डात घालताना तांब्याचे संपर्क यूएसबी पोर्टांच्या दिशेला. केबल पूर्ण आत गेली की तिची कड लॅचला समांतर दिसते. जराशी तिरकी दिसली तरी काढून पुन्हा घाला. डिस्क कधी दिसते, कधी गायब होते, अशी तक्रार असेल तर दहातल्या नऊ वेळा हेच असतं. बोर्डाचे स्क्रू एम२.५ (म्हणजे २.५ मिमीचे), जाडे स्क्रू पिळून घुसवू नका.

कोपरखैरणे से. ११

खरी गोम पॉवरमध्ये आहे. त्यावर लोक सर्वात कमी बोलतात.

पाय ५ चा अधिकृत चार्जर २७ वॅटचा आहे, ५.१ व्होल्टला ५ अँपिअर. घरात ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर पडलेला असतो, 'हा तर दुप्पट' म्हणून तो लावला जातो. त्याची मोठी ताकद १५ आणि २० व्होल्टला असते. ५ व्होल्टला तो सहसा ३ अँपिअरच देतो, आणि पाय ५ ला ५ व्होल्टच लागतात. ३ अँपिअरचा चार्जर ओळखला की बोर्ड चारही यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरवर अडवतो. ५ अँपिअर मिळाले तर १.६ अँपिअर. म्हणजे यूएसबीवर एसएसडी लावणाऱ्याला ही मर्यादा थेट लागू. पीसीआयईवरची डिस्क या हिशोबात येत नाही, पण खेचते त्याच ५ व्होल्टमधून.

लक्षण असं: बूट व्यवस्थित, एरवी व्यवस्थित, रात्री बॅकअप सुरू झाला की डिस्क नाहीशी आणि फाइल सिस्टम रीड-ओन्ली. कारण लिहिताना डिस्कची भूक एकदम वाढते. तपासायला टर्मिनलमध्ये व्हीसीजेनसीएमडीची गेट-थ्रॉटल्ड कमांड (vcgencmd get_throttled) चालवा. उत्तर ०x० आलं तर ठीक. ०x५०००० म्हणजे मागे कधीतरी व्होल्टेज पडलं होतं, ०x५०००५ म्हणजे आत्ता पडलेलं आहे. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की हा इशारा येतो. हे डिस्कवर मोठी फाइल लिहीत असताना बघायचं, नुसतं बसल्या बसल्या बघून उपयोग नाही.

पायच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये एक ओळ टाकून यूएसबीची मर्यादा जबरदस्तीने उठवायची सोय आहे. पुरवठा खरोखर ५ अँपिअरचा असेल तरच ती वापरा. ३ अँपिअरचाच चार्जर ठेवून ती ओळ टाकली तर त्रास कमी न होता वाढतो.

घोडबंदरकर

कार्डावरची सिस्टम एसएसडीवर हलवण्याची पद्धत, पाय ५ आणि रास्पबेरी पाय ओएससाठी:

आधी कार्डावरूनच चालू करून सिस्टम आणि बूटलोडर (चालू होताना सिस्टम कुठून उचलायची ते ठरवणारा प्रोग्राम) अपडेट करा. बूटलोडरची तारीख ६ डिसेंबर २०२३ किंवा नंतरची हवी. मग मशीन पूर्ण बंद करून हॅट लावा. चालू केल्यावर ब्लॉक डिव्हाइसच्या यादीत एनव्हीएमई० दिसली पाहिजे. अधिकृत हॅट आपोआप ओळखला जातो. दुसऱ्या कंपन्यांचे काही ॲडॉप्टर तसे ओळखले जात नाहीत. त्यांच्यासाठी कॉन्फिग फाइलमध्ये पीसीआयई चालू करायची ओळ आणि बूटलोडरमध्ये पीसीआयई-प्रोब १, दोन्ही लागतात. फक्त पहिली केली तर डिस्क दिसते पण तिच्यावरून बूट होत नाही, आणि माणूस डिस्कला दोष देत बसतो.

नंतर मेनूतल्या ॲक्सेसरीजमधला एसडी कार्ड कॉपियर वापरून कार्डाची नक्कल डिस्कवर करा. त्यात 'नवे पार्टिशन यूयूआयडी' (डिस्कच्या भागांचे ओळख-क्रमांक) या चौकटीवर खूण करायची म्हणजे करायचीच. ती राहिली आणि कार्ड आतच राहिलं तर दोन्ही डिस्कांची ओळख एकच, कर्नल (सिस्टमचा गाभा) जी आधी सापडेल ती उचलतो. वरवर सगळं चालतं, अपडेट मात्र एका डिस्कवर आणि बूट दुसरीवरून.

शेवटी रास्पी-कॉन्फिग (सेटिंगचा मेनू), ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, बूट ऑर्डर, तिथे एनव्हीएमई. बूट क्रमाचा आकडा हाताने बघायचा असेल तर तो उजवीकडून डावीकडे वाचतात: ६ एनव्हीएमई, १ एसडी, ४ यूएसबी, एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ०xएफ४१६. मशीन बंद करा, कार्ड काढा, चालू करा, आणि रूट व बूट दोन्ही पार्टिशन एनव्हीएमईवरच आहेत ना ते बघा. जुनं कार्ड महिनाभर तरी तसंच ठेवा.

हार्बर लाइन

वरच्यात भर: नव्यानेच सुरू करत असाल तर क्लोनच्या भानगडीत पडू नका. यूएसबी एन्क्लोजरमध्ये डिस्क घालून लॅपटॉपवरून रास्पबेरी पाय इमेजरने (सिस्टम लिहायचं ॲप) थेट लिहा.

कळवा पूर्व

पाय ४ वाल्यांनी निराश होऊ नये. त्या बोर्डावर पीसीआयईचा कनेक्टर बाहेर काढलेला नाही, पण निळ्या यूएसबी ३ पोर्टावर साटा एसएसडी ३०० एमबी प्रतिसेकंदाच्या वर जाते. चुकून काळ्या पोर्टात लावली तर ३५-४० वर अडकते. सगळा खेळ यूएसबी-साटा केबलमधल्या ब्रिज चिपचा (यूएसबी आणि साटा यांची भाषा जुळवणारी चिप). काही चिप यूएएस या वेगवान यूएसबी पद्धतीत मध्येच अडकतात, लॉगमध्ये रीसेटच्या ओळींची रांग लागते. चिपचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक काढून सीएमडीलाइन फाइलमध्ये (बूट होताना कर्नलला द्यायच्या सूचना) यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स म्हणून, शेवटी यू लावून टाकला की यूएएस बंद होतं. वेग थोडा उतरतो, अडकणं थांबतं. त्या फाइलमध्ये सगळं एकाच ओळीत हवं. एंटर मारलात तर बूटच होणार नाही.

आणि झिगबीचा डोंगल (वायरलेस सेन्सर जोडणारी यूएसबी काडी) असेल तर तो यूएसबी ३ डिस्कच्या शेजारी लावू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो, सेन्सर 'अनअव्हेलेबल' दिसू लागतात. मीटरभर एक्स्टेन्शन केबल, तीही यूएसबी २ पोर्टात.

तिसरा मजला, वर्तकनगर

जेन ३ (पीसीआयईची तिसरी, जास्त वेगाची पिढी) बद्दल कुणी बोललं नाही. रास्पी-कॉन्फिगमध्ये एक पर्याय निवडला की ४५० एमबी प्रतिसेकंदाच्या आसपासची डिस्क ८०० च्या वर जाते. मी चालू ठेवलंय.

कोपरखैरणे से. ११

पाय ५ जेन २ साठीच प्रमाणित आहे हेही लिहा. केबल आखूड आणि चांगली असेल तर जेन ३ चालतं, पण लॉगमध्ये पीसीआयईच्या 'करेक्टेबल एरर' दिसू लागल्या तर परत जेन २. घरच्या नेटवर्कचा पोर्ट १ गिगाबिटचा, म्हणजे ११०-११५ एमबी प्रतिसेकंद. वरचा सगळा वेग बोर्डाच्या आतच फिरणार. फोटोंची लायब्ररी किंवा डेटाबेस स्वतः पायवरच चालत असेल तरच काही फरक.

लॉगमध्ये 'कंट्रोलर इज डाउन' अशी ओळ आली तर मात्र ती वेगळी गोष्ट. पॉवर ठीक असेल तर काही डिस्क वीज वाचवण्याच्या अवस्थेतून परत उठत नाहीत. सीएमडीलाइनमध्ये एनव्हीएमई-कोरची कमाल लेटन्सी ० आणि पीसीआयई-एएसपीएम ऑफ केलं की बहुतेक थांबतं. कर्नल हे दोन्ही उपाय लॉगमध्ये स्वतःच सुचवतो, फक्त वाचायला हवं.

खाडीकाठ

पावसाळ्याचं लिहितो. दमट हवेत चालू मशीन सुरक्षित असतं, कारण ते सभोवतालापेक्षा गरम असतं, पाणी धरत नाही. धोका बंद ठेवलेल्याला. बंद पाय एसीच्या गार खोलीतून दमट हवेत आणलात तर त्यावर पाणी धरू शकतं, म्हणून थोडा वेळ थांबून चालू करा. डिस्कचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, खोडरबर घासायचं नाही.

उन्हाळ्यात टीव्ही युनिटच्या बंद कपाटात ठेवू नका. पाय ५ प्रोसेसर ८० अंशांना स्वतःला हळू करतो, आणि हॅट वर असला की पंख्याची हवा त्याच्याखाली कोंडते. हॅटसोबतचे उंच स्पेसर टाळून आखूड वापरले तर ॲक्टिव्ह कूलर (अधिकृत पंखा) बसतच नाही. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची धूळ येते, तिकडच्यांनी पंखा अधूनमधून ब्रशने झाडावा.

लाइट गेली-आली याबद्दल: राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस पाय ५ ला पुरत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावरचा स्विच यूपीएस मोडवर आहे का बघा, नाहीतर बदल होताना पाय रीस्टार्ट होतो. साध्या एसएसडीत वीज जाताना कॅशमधलं वाचवायला कपॅसिटर नसतात, म्हणून डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर जायलाच हवा.

ऐरोली नाका

ऑरेंज पाय ५ (दुसऱ्या कंपनीचा तसाच बोर्ड) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. एम.२ सॉकेट बोर्डाच्या खालीच आहे, हॅट लागत नाही. लेन एकच, जेन २. पण बूटलोडर एसपीआय फ्लॅशवर (बोर्डावरची छोटी मेमरी चिप) लिहावा लागतो. आर्मबियन (अशा बोर्डांसाठीचं लिनक्स) असेल तर आर्मबियन-इन्स्टॉलमध्ये 'एसपीआयवरून बूट, सिस्टम एनव्हीएमईवर' असा पर्याय आहे. तो लिहिला जात असताना प्लग काढू नका.

नौपाडाकर

सगळ्यांना धन्यवाद. ट्रिमबद्दल (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवणं) कुणी लिहिलं नाही म्हणून: एनव्हीएमईवर आठवड्यातून एकदा आपोआप होतं, एफएसट्रिमचा टायमर चालू आहे ना एवढं बघा. यूएसबी ब्रिजमागच्या डिस्कवर बहुधा होत नाही. कळवा पूर्व, तुमच्या केबलवर ट्रिम जातं का? जात असेल तर चिपचा क्रमांक इथे द्या.