मदत हवी आहे: ‘तांबट’ शब्द आला कुठून?

मंडळी, जुन्या नाशकातल्या तांबट लेनवरून घरात वाद पेटलाय. अमरकोशात तांब्याचं काम करणाऱ्याला ‘ताम्रकुट्टक’ म्हटलंय, म्हणजे तांबं कुटणारा. ‘तांबट’ त्यातूनच झिजून आला का? मला पटतं. टुक्-टुक् करणाऱ्या पक्ष्यालाही आपण तांबटच म्हणतो ना! सासऱ्यांच्या मते शेवटचा ‘ट’ नुसता प्रत्यय, कुटण्याशी संबंध नाही. (ते सहजी हरत नाहीत.)

दुसरं, घंगाळावर हातोडीने एकेक ठोका देत चकाकते खळगे उठवतात, त्या कामाला ‘मठार’ म्हणतात. हा शब्द कुठला? आणि कासार जर कांस्यकार, तर बांगड्या भरायलाही कासारच कसा? कुणाच्या घरी हा धंदा असेल तर जुन्याजाणत्यांना विचारून सांगा, प्लीज.