ऑपरेशनच्या आधीची भीती आणि रोजचं टेन्शन: नागपूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

धंतोली-रामदासपेठेतून नुसतं फिरून आलं तरी कळतं, या शहरात रोज किती घरांमध्ये कुणाचं ना कुणाचं ऑपरेशन असेल. विदर्भातून येतात, छिंदवाडा-बालाघाटकडून येतात. आणि प्रत्येक पेशंटला सगळे एकच सांगतात, "टेन्शन नको घेऊ." या वाक्यानं आजवर कुणाचं टेन्शन गेलेलं मी पाहिलेलं नाही.

माझ्या आत्याचं गुडघा बदलायचं ठरलं आहे. ती रोज संध्याकाळी विचारते, "काऊन रे, मधातच जाग आली तं?" माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून विनंती आहे, "घाबरू नका" एवढंच लिहू नका. तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटत होती आणि ती कशानं कमी झाली, तेवढं लिहा. रोजच्या ताणाचं लिहायचं असेल तर तेही इथेच लिहा.

निवृत्त शिक्षिका, महाल

आत्यांना माझा नमस्कार सांगा. माझेही गुडघे बदललेले आहेत आणि माझी भीती थेट त्यांचीच होती. फिटनेसच्या तपासणीला गेले तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, "ताई, मणक्यात इंजेक्शन देऊ, कमरेखालचं बधिर होईल. जाग असली तरी दुखणार नाही. ओढल्यासारखं, हलवल्यासारखं मात्र जाणवेल आणि ठोकल्याचे आवाज येतील. ते नको असतील तर झोपेचं औषध देतो." मी झोपेचं औषध मागून घेतलं. आवाज येणार हे त्यांनी आधीच कबूल केलं, त्यामुळेच मला धीर आला. नुसतं "काही होत नाही" म्हणाले असते तर माझा विश्वास बसला नसता.

आणखी एक. ऑपरेशननंतर काही तास पाय आपले नसल्यासारखे वाटतात, हलत नाहीत. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. पाय गेले म्हणून त्या किती रडल्या! आत्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आणि मंगळसूत्र. ते काढायला सांगितलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. सिस्टरनं नीट समजावलं की रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात, अंगावर धातू असला तर भाजायची भीती असते. मी ते रुमालात बांधून जाऊबाईंच्या हातात दिलं. आदल्या रात्रीच घरी काढून देवाजवळ ठेवलं असतं तर बरं, असं आता इतरांना सांगते.

भूलतज्ज्ञ, मेडिकल चौकाजवळ

वरच्या बाईंनी फार मोलाचं लिहिलं. माझ्याकडून दोन गोष्टी.

उपाशी राहण्यावरून घरोघरी भांडणं होतात. बेशुद्ध असताना पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, म्हणून ही बंदी. साधारणपणे हलकं खाणं ६ तास आधी बंद, तेलकट जेवण ८ तास आधी आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. पण रात्री दहापासून पाण्याचा थेंब नाही आणि ऑपरेशन दुपारी, असं नागपूरच्या मे महिन्यात केलं तर डोकं दुखतं, जीव घाबरा होतो आणि पेशंटला वाटतं आपण भीतीनंच गळालो. पाणी किती वाजेपर्यंत चालेल, हे कागदावर लिहून मागा. बीपी, साखर आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचंही तसंच. कोणती घ्यायची, कोणती थांबवायची, हे विचारल्याशिवाय स्वतः ठरवू नका.

दुसरी गोष्ट खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून चघळतात तो. हे कळकळीनं लिहितो आहे. तपासणीत आम्ही तोंड उघडायला सांगतो. स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. आपल्याकडे कितीतरी तरुणांची जेमतेम दीड जातात. सुपारीनं गालाची आतली कातडी आवळून दोरीसारखी घट्ट झालेली असते. श्वासाची नळी तोंडातून घालता आली नाही तर पेशंट जागा असतानाच नाकातून दुर्बिणीनं घालावी लागते. विचारलं की उत्तर येतं, "टेन्शन आलं का घोटतो." पन्नीवर घोटताना हात गुंतलेले असतात, चार मिनिटं गप्पा होतात, तो आराम खरा आहे. तंबाखूनं मात्र नाडी आणि बीपी वाढतात. ऑपरेशन ठरलं असेल तर लपवू नका. आम्ही रागावण्यासाठी विचारत नाही, नळी कशी घालायची ते ठरवायला विचारतो.

सिकलसेल असलेल्या मुलाची आई, उत्तर नागपूर

माझा मुलगा एसएस आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेल आलेला. या आजारात पित्ताशयात खडे होतात, तसे त्याला झाले. इतरांना ऑपरेशनची भीती असते, मला थंडीची होती. अंगातलं पाणी कमी झालं, गारठा लागला, ऑक्सिजन कमी पडला की याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि मग हातापायाचं जे दुखणं सुरू होतं ते मी पाहिलेलं आहे. ऑपरेशन थिएटर म्हणजे एसी. मला रात्र-रात्र तेच दिसायचं.

माझ्या भावानं एक वही दिली आणि म्हणाला, "बाई, मनात येते ते सारं लिहून काढ, डॉक्टरसमोर तुले आठवत नाही." मी लिहिलं. सलाईन कधीपासून लावणार? पांघरूण गरम असेल का? रक्त चढवावं लागेल का? हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू ठेवायची का? डॉक्टरांनी वही हातात घेऊन एकेका प्रश्नासमोर उत्तर लिहिलं. सलाईन आदल्या रात्रीपासून सुरू केलं आणि आत नेताना ब्लँकेट दिलं. पोरगा मलाच म्हणाला, "आई, मले गरम होऊन राहिलं."

सिकलसेल असेल तर दाताच्या साध्या कामालाही आधी सांगा. नुसता वाहक असाल, म्हणजे एकाकडूनच आलेला असेल, तरी सांगा.

धागाकर्ता

हे सगळं आत्याला वाचून दाखवलं. तिनंही वही काढली आहे. पहिला प्रश्न भुलीचा वगैरे नाही, "कवळी कधी काढायची आणि लगेच परत देतील का," हा आहे. चारचौघात बिनदातांचं दिसायचं नाही तिला.

ऑटोचालकाची बायको, पारडी

आम्हाला भीती पैशाची होती, बाकी काही नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो, हे वस्तीतल्या आशाताईनं सांगितलं. रेशनकार्ड-आधार घेऊन आधी त्यालाच भेटलो. मंजुरी आली त्या रात्री यांना झोप लागली. दागिना गहाण ठेवायच्या आधी विचारून घ्या.

आयटी कर्मचारी, मिहान

माझं ऑपरेशन नाही, रोजचंच. ऑफिस, घरी सासूबाई अंथरुणाला, मुलीची दहावी. छातीत धडधडायचं. ईसीजी नॉर्मल आला, डॉक्टरांनी श्वासाचा व्यायाम दिला. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. सोडायला जास्त वेळ द्यायचा, त्यानं हृदयाचे ठोके हळू होतात. घरी बसून कधीच जमलं नाही, कुकरची शिट्टी तरी होते नाहीतर बेल तरी वाजते. मग खापरीहून मेट्रोत बसले की सुरू करते. उज्ज्वल नगर, जयप्रकाश नगर, छत्रपती चौक, दारं उघडतात, मिटतात, मी मोजत असते. सीताबर्डीला उतरते तेव्हा खांदे खाली आलेले असतात. अडचणी तेवढ्याच आहेत, पण घरात पाऊल टाकताच मुलीवर ओरडणं थांबलं.

आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणं नको वाटत असेल, तर मात्र श्वासावर भागवू नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

सर्जरी वॉर्डातली सिस्टर

नातेवाइकांसाठी लिहिते. आदल्या संध्याकाळी भेटायला येता आणि "आमच्या साडभावाचं असंच ऑपरेशन होतं, बिचारा…" असं सुरू करता. पेशंट हसून ऐकतो. तुम्ही गेल्यावर त्याचं बीपी मला मोजावं लागतं. वाढलेलं असतं.

मागे माझ्या वॉर्डात दोन आज्या शेजारी होत्या. एक त्रिशरण म्हणायची, दुसरी गजानन महाराजांचा जप करायची. रात्री दोघींनी एकमेकींचं ऐकून घेतलं. त्या रात्री दोघींपैकी कुणीच झोपेची गोळी मागितली नाही. आपलं जे असेल ते म्हणू द्या, मध्ये बोलू नका.

आणि फोनसाठी घरातला एकच माणूस ठरवा. बाकी साऱ्यांनी त्यालाच विचारायचं. पेशंटचा मोबाईल संध्याकाळी सातनंतर त्या ठरवलेल्या माणसाच्याच खिशात ठेवा.