डिस्चार्ज कार्डावर मेंदूचा ऑक्सिजन ५४, पालकांना काय सांगावं?

प्रश्न (थेरपिस्ट, कोथरूड): २७ आठवड्यांचं, ९४० ग्रॅमचं बाळ. पहिले तीन दिवस कपाळावर एनआयआरएसचा (प्रकाशाने मेंदूतला ऑक्सिजन मोजणारा) सेन्सर होता. कार्डावर ‘आरएसओटू (मेंदूतल्या ऑक्सिजनचा टक्का) ५४ पर्यंत उतरला, एसपीओटू (धमनीतल्या ऑक्सिजनचा टक्का) ९२’ एवढंच लिहिलंय. बाळ आता पाच महिन्यांचं आहे. आईबाबा विचारतात, बुद्धीवर परिणाम होईल का?

नवजात कक्ष, डॉक्टर: नुसत्या ५४ वरून काही सांगू नका. पायाचा प्रोब धमनीतलं रक्त मोजतो, तर कपाळाचा सेन्सर बहुतांशी शिरांमधलं. म्हणजे मेंदूने वापरून उरलेला ऑक्सिजन दिसतो. (९२ वजा ५४) भागिले ९२, म्हणजे आलेल्या ऑक्सिजनपैकी ०.४१ वाटा मेंदूने घेतला. मेंदू नेहमीपेक्षा जास्त ओढून घेतोय. मग कारण शोधायचं: हिमोग्लोबिन कमी, बीपी कमी, डक्टस (हृदयाजवळची, जन्मानंतर बंद व्हायची रक्तवाहिनी) उघडी, किंवा व्हेंटिलेटरने कार्बन डायऑक्साइड फार उतरवलाय. हे शेवटचं कारण हमखास नजरेतून सुटतं, कारण एसपीओटू छान दिसत असतो. सेन्सर कोणता होता तेही विचारा. प्रौढांच्या सेन्सरवरचे ५५ नवजात सेन्सरवर साधारण ६३-६५ दिसतात. शिवाय सेन्सर सैल असला किंवा कपाळाला सूज असली, तर आकडाच चुकतो.

थेरपिस्ट, कोथरूड: एनआयसीयूची (नवजात अतिदक्षता कक्षाची) शीट मिळाली. नवजात सेन्सर, ५४ सुमारे चाळीस मिनिटं, तेव्हा रक्तातला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) ३१. व्हेंटिलेटरचं सेटिंग हळूहळू कमी केल्यावर सीओटू ४४, आरएसओटू ७०.

नवजात कक्ष, डॉक्टर: म्हणजे घसरण खरी होती, पण कारण सापडलं आणि सुधारलंही. हळूहळू केलं हे फार बरं झालं. सीओटू एकदम चढला की मेंदूचा रक्तप्रवाह उसळतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो.

एनआयसीयू सिस्टर: पालकांना हेही सांगा: सेफबूस-३ चाचणीत (२०२३) २८ आठवड्यांआतली १,६०१ बाळं होती. पहिले ७२ तास एनआयआरएस बघून उपचार केले, तरी ३६ आठवड्यांपर्यंतचे मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा कमी झाली नाही. पुढचा अंदाज बांधायला डोक्याची सोनोग्राफी जास्त कामाची. पण पहिल्या आठवड्यातली चांगली आली म्हणून थांबू नका. पीव्हीएलच्या (मेंदूतल्या पांढऱ्या भागाच्या इजेच्या) पोकळ गाठी दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. दिलेल्या तारखेच्या सुमारास केलेली सोनोग्राफी आहे का बघा.

फॉलो-अप ओपीडी: बाळ तेरा आठवडे आधी आलं, म्हणून करेक्टेड वय (दिलेल्या तारखेपासून मोजलेलं) दोन महिनेच धरा. ‘मान धरत नाही’ ही तक्रार आत्ता अवेळी आहे. डोक्याचा घेर दर महिन्याला मोजा; बेरा (ऐकण्याची तपासणी) आणि डोळ्यांचा पडदा तपासून झालाय ना, तेही पाहा. करेक्टेड तीन महिन्यांना हॅमरस्मिथ (बाळाच्या मज्जासंस्थेची तपासणी) करा. पुण्याच्या केईएममध्ये १९८७-८९ मधल्या २,००० ग्रॅमखालच्या बाळांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा झाला. त्यात दिवसही कमी आणि दिवसांच्या मानाने वजनही कमी अशी मुलं बुद्ध्यंकात सर्वांत मागे होती. या बाळाचं वजन दिवसांना साजेसं आहे, हे पालकांना जरूर सांगा. मात्र लिखाण आणि गणितातल्या अडचणी शाळेतच कळतात, तेव्हा वेळेवर चाललं म्हणून फाइल बंद करू नका.

महिन्याभराने, करेक्टेड १२ ते १६ आठवड्यांत, जनरल मूव्हमेंट्ससाठी (बाळाच्या आपसूक हालचाली तपासायला) व्हिडिओ घ्या: पाच मिनिटं, बाळ उताणं, जागं, न रडणारं, हातपाय उघडे. खुळखुळा आणि चोखणी दूर ठेवा. आईला बोलूही देऊ नका, बाळ तिच्याकडेच बघत बसतं.